पोलिसाच्या बायकोची भट्टी

नेलीच्या आईचं ॲबसिंथ या हिरव्या दारूबद्दलचं ज्ञान अगदी पक्कं होतं. एक पेला घेतला की डोळे जातात. दुसरा घेतला की अक्कल जाते. तिसरा घेतला की माणूस कुऱ्हाड शोधायला लागतो, आणि पुढे त्याला जी पोरं होतात त्यांचे कान गाढवासारखे निपजतात. आई, म्हणजे एग्लांतीनबाई, हे सगळं बटाटे सोलता सोलता सांगायच्या, दूधवाल्याने भाव वाढवला हे सांगावं तितक्या सहज. त्यामुळे लहानपणी नेलीला एक वाईट खोड लागली होती. कुणाच्या घरी बाळ झालं की ती आधी त्याचं टोपरं वर करून कान बघायची.

पुरावा म्हणून आई स्वतःच्या बापाचं नाव घ्यायची. आमी नावाचे ते आजोबा एका रविवारी चर्च सुटल्यावर विजार काढून मोतिए गावच्या कारंज्यात जाऊन बसले. म्हणाले, मी ट्राउट मासा आहे, गळ टाकल्याशिवाय बाहेर येणार नाही. शेवटी पाद्रीबाबांना घरून गळ आणावा लागला. आजोबांनी दोरी दातात धरली तेव्हा कुठे गावाची सुटका झाली.

"हिरव्या परीने केलं हे," आई म्हणायची. "त्या बाटलीतल्या अवदसेने माझ्या बापाचा मासा केला."

रस्त्याच्या पलीकडे झेली मावशी राहायची. दोघी बहिणींचं बोलणं कधीचं बंद होतं, पण मावशीला अलीकडून काय बोललं जातं ते नेहमी माहीत असायचं. नेली मोठी झाल्यावर एकदा मावशीने तिला बोलावून बसवलं.

"कारंज्याची गोष्ट सांगते ना तुझी आई? मग हेही ऐक. त्या दिवशी बाबांनी सकाळपासून काय काय ढोसलं होतं? पांढरी वाइन, तांबडी वाइन, मग आलुबुखाराची, मग चेरीची, आणि चर्चला निघता निघता सफरचंदाची. ॲबसिंथ मिळाली ती बोटभर, कारण बाटली माझ्या कपाटात होती आणि किल्ली माझ्या पोलक्यात. पण नाव कुणाचं झालं? तिचंच! बाकीच्या पाच जणी सभ्य बायकांसारख्या बाजूला उभ्या."

सगळ्या देशात हेच झालं होतं म्हणा. नेलीच्या जन्माआधी तिकडे सरोवराकडच्या एका मजुराने दिवसभर वाइन आणि ब्रँडी रिचवली, त्यात दोन पेले ॲबसिंथचे घेतले आणि घरी जाऊन बायकोला आणि पोरींना गोळ्या घातल्या. ओरड झाली ती त्या दोन पेल्यांची. लोकांनी मतदान केलं, बंदी आली. द्राक्षमळेवाले तर इतके शुद्ध मनाने बंदीच्या बाजूने उभे राहिले की बघणाऱ्याला भरून यावं. एकट्या त्राव्हेरच्या खोऱ्याला, म्हणजे मोतिएच्या मुलुखाला, हे पटलं नाही. ॲबसिंथ ज्यांपासून गाळतात ती कडू झुडपं या मातीतली, ती गाळायची विद्या या हातातली. खोऱ्याने बंदी मान्य केली, फक्त अमलात आणली नाही. हिरवा रंग घालायचं तेवढं सोडलं. आता ती पाण्यासारखी दिसायची, आणि पाणी घातलं की दुधाळ निळसर व्हायची. लोक तिला नुसतं 'निळी' म्हणायला लागले. परक्याला वाटावं, गावात कुणा मुलीबद्दल बोलणं चाललंय.

नेलीने लग्न केलं ते पोलिसाशी. नूमा जुव्हे उंचापुरा, मिशाळ आणि खाण्याचा शौकीन होता. त्याचं नाक तर खोऱ्यात प्रसिद्ध होतं. बंद दारासमोरून जाताना आत कोणतं चीज कापलंय आणि ते कोणत्या कुरणातल्या दुधाचं आहे हे तो सांगायचा. नेलीच्या आईला जावई इतका पसंत पडला की लग्नात तिने चक्क नाच केला.

"आता त्या झेलीची सावलीसुद्धा तुझ्या घरावर पडायची नाही," ती म्हणाली. "दारात पोलीस म्हणजे काय गंमत आहे?"

सावली पडली ती दुसऱ्याच शरद ऋतूत. चोरून निळी गाळणारी झेली मावशी कोठीघराच्या जिन्यावरून घसरली आणि तिचं कमरेचं हाड मोडलं. नेली भेटायला गेली तर मावशी पलंगावरून उठायच्या आधीच कामाला लागलेली.

"नेली, दार लाव. हे बघ, पाद्रीबाबांच्या घशाचं औषध संपलंय. गुरांचा डॉक्टर दोनदा विचारून गेला. सुईणबाईचा तर जीव टांगणीला लागलाय. एकदा, फक्त एकदा तू गाळून दे."

"मावशी! माझा नवरा पोलीस आहे."

"म्हणूनच सांगतेय. पोलिसाच्या घरात कोण बघणार?"

नेली नाही म्हणाली, दुसऱ्यांदाही नाही म्हणाली, आणि मावशीची तांब्याची भट्टी कपड्यांच्या टोपल्यात चादरींखाली घालून घरी घेऊन आली. परसातल्या धुण्याच्या खोलीत कपडे उकळायची मोठी कढई होती. तिच्या आत ती भट्टी अशी बसली, जणू दोघींचं माप एकाच सोनाराने घेतलं होतं. सोमवार हा धुण्याचा वार. त्या दिवशी सगळ्या गावातल्या धुण्याच्या खोल्यांतून वाफ निघायची, त्यात तिची एक वाफ.

पहिली बाटली उतरली तेव्हा नेली स्वयंपाकघरात टेबलाशी एकटी बसली. आईने सांगितलेलं सगळं आज होणार होतं. कुऱ्हाड तिने आधीच शेजारी नेऊन दिली होती. पेल्यात थोडी ओतली, वरून थेंब थेंब पाणी सोडलं. काचेत ढग उतरल्यासारखं झालं. प्यायली. जीभ आधी गार झाली, मग कडू, मग गोड. ती वाट बघत राहिली. परी आली नाही. दुसरा पेला घेतला. डोळे जागेवर होते, उलट समोरच्या पितळी भांड्यांवरचे डाग जास्तच स्पष्ट दिसायला लागले. मग तिने ती सगळी भांडी घासून काढली, घासताना शाळेतली गाणी म्हटली, आणि नवरा जेवायला आला तेव्हा घर लखलखत होतं. नेलीला मनातून फसवल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं घाबरवलं आणि निघालं काय, तर भांडी घासायचा उत्साह!

नूमा दारात थबकला. त्याच्या नाकपुड्या हलल्या. जेवणानंतर तोंडात टाकायच्या बडीशेपेचा तो वास घरभर होता.

"कसला वास गं हा?"

"खोकल्याचा काढा केलाय. मावशीसाठी."

"हं," नूमा म्हणाला, आणि सूप प्यायला लागला. पण त्या आठवड्यात तो फार विचारात असायचा. रात्री कूस बदलत राहायचा. नेलीने ठरवलं, बस झालं, भट्टी परत द्यायची.

तेवढ्यात हिवाळा आला आणि नूमा मोटरसायकलवरून बर्फावर घसरून दुधाच्या गाडीवर आपटला. डोक्याला टाके पडले. शुद्धीवर आल्यावर तो म्हणाला, "मला कशाचाच वास येत नाही." गावच्या डॉक्टरांनी त्याच्या नाकाखाली कापूर धरला, कांदा धरला, शेवटी नवसागराची बाटली धरली. डोळ्यांतून पाणी आलं, पण वास म्हणाल तर नाही. डॉक्टर म्हणाले, मेंदूला मार लागला की होतं असं, कधी परत येतं, कधी नाही. तो पलंगावर पडून होता तेव्हा एका सोमवारी नेलीने आधी भिजत घातलेली झुडपं तेवढी शेवटची म्हणून गाळून टाकली.

नेलीने नवऱ्याची मनापासून सेवा केली आणि तितक्याच मनापासून त्याची परीक्षाही घेतली. तिने दूध मुद्दाम करपवलं. तो पेपर वाचत राहिला. मग पलंगाखाली पिकून पाणी सुटलेलं चीज ठेवलं. तो घोरला. शेवटी तिने त्याच चीजचा एक तुकडा त्याच्या पोलिसी टोपीच्या अस्तरात शिवला. नूमा ती टोपी घालून गावातल्या एका दफनविधीला गेला आणि शवपेटीजवळ उभा राहिला. हळूहळू माणसं मागे सरकायला लागली. पाद्रीबाबांनी प्रार्थना इतकी आवरती घेतली की मृताची विधवा त्यांच्याशी पुढे वर्षभर बोलली नाही. लोक एकमेकांना म्हणाले, बिचाऱ्याला पुरायला जरा उशीरच केला. नूमा शेवटपर्यंत ताठ उभा होता.

त्या दिवशी नेलीची खात्री पटली. ती परसात जाऊन थोडी रडली. मग डोळे पुसून तिने भट्टीखाली लाकडं सारली.

तिथून तिचा जम बसला. झेली मावशी पलंगावरून शिकवायची आणि नेली शिकायची. मावशी वारली तेव्हा गिऱ्हाइकांसकट सगळा संसार नेलीकडे आला. नवऱ्याला वास नसला तरी रस्त्याने जाणाऱ्यांना होता, म्हणून गाळायच्या दिवशी ती परसात जुन्या टायरचे तुकडे जाळायची. शेजारीण तिएबोबाई सगळं जाणून होती. तिला दर नाताळाला एक बाटली मिळायची आणि बदल्यात ती काळ्या धुराबद्दल तक्रार करायची नाही.

निळीच्या करामतींबद्दल गिऱ्हाइकं येऊन काय काय सांगायची! घड्याळाचे काटे बनवणाऱ्या विलीला प्यायल्यावर मेलेली सासू दिसली होती. त्याने तीन दिवस थेंबाला शिवायचं नाही असं ठरवलं. चौथ्या दिवशी कळलं की ती मेलेलीच नाही, बुटी गावाहून मुक्कामाला आली होती. आणि एकदा पॅरिसहून एक चित्रकार आला. त्याला दर्शनच हवं होतं.

"बाई, मला परी बघायचीय," तो नेलीला म्हणाला. "तिच्याशिवाय माझं चित्र अडलंय."

"दादा, मी इतकी वर्षं गाळतेय. मला अजून चिलटसुद्धा दिसलं नाही."

पण त्याने पाणी न घालताच तीन पेले घशाखाली घातले, नदीकाठी गेला आणि गुडघ्यांवर बसला. पुलावर हिरवे पंख फडफडत होते. तिएबोबाई हिरवा रेनकोट घालून छत्री झटकत होती. चित्रकाराने धावत जाऊन तिच्या गमबुटांचं चुंबन घेतलं, रडला आणि म्हणाला, "तू आलीस!" तिएबोबाई म्हणाली, "आले म्हणजे? मी पाव आणायला चाललेय." पण त्या दिवसापासून ऊन असलं तरी तिचा तो रेनकोट काही अंगावरून उतरला नाही.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना नेलीच्या आईने घोळ घातला. एग्लांतीनबाई आता दारूबंदी मंडळाच्या अध्यक्ष होत्या. त्यांनी झ्युरिखहून डॉक्टर आम्स्टुट्झ नावाचे व्याख्याते बोलावले. शाळेच्या हॉलमध्ये सभा भरली. सगळं गाव आलं, कारण डॉक्टर जिवंत गिनीपिग आणणार आहेत अशी बातमी होती. बंदोबस्ताला दाराशी नूमा.

डॉक्टर तासभर बोलले. ॲबसिंथने झटके येतात, भास होतात, वंश बुडतो. मग त्यांनी टेबलावर दोन वस्तू ठेवल्या. एका पिंजऱ्यात गिनीपिग आणि शेजारी एक जप्त केलेली बाटली. बाटलीचं बूच लाल धाग्याने बांधलेलं होतं. नेलीने स्वतःची गाठ लगेच ओळखली आणि खुर्चीत खाली सरकली.

"आता या प्राण्याला मी कडू झुडपाच्या तेलाचे काही थेंब देतो," डॉक्टर म्हणाले. "काय होतं ते शांतपणे बघा."

गाव शांतपणे बघू लागलं. गिनीपिगने थेंब चाटले, शिंक दिली, डॉक्टरांच्या बोटाचा कडकडून चावा घेतला आणि टेबलावरून उडी मारून पाद्रीबाबांच्या बायकोच्या घागऱ्यात शिरला. बाईंनी किंकाळी फोडली. खुर्च्या पालथ्या झाल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "च्यायला, मलाही तेच द्या!" त्या गडबडीत टेबलाला धक्का लागला आणि बाटली खाली पडून फुटली.

मग हॉलभर वास उठला. बडीशेपेचा, डोंगरातल्या गवताचा, पावसानंतरच्या कुरणाचा. कितीतरी म्हाताऱ्या माणसांनी तो उघडपणे, चारचौघांत, बापाच्या काळानंतर घेतला नव्हता. रांगाच्या रांगा डोळे मिटून श्वास घ्यायला लागल्या. मंडळाचे खजिनदारसुद्धा. एग्लांतीनबाईंनी रुमाल नाकाला लावला, पण जरा उशिरानेच.

नेलीने वळून दाराकडे बघितलं. नूमा तिथे कडक गणवेशात उभा होता. डोळे मिटलेले, छाती भरलेली, मिशी वर उचललेली, आणि चेहऱ्यावर असं सुख की नेलीने ते लग्नाच्या रात्रीसुद्धा बघितलं नव्हतं.

ती घरी आली ती धुमसतच. म्हणजे या माणसाला वास येतो! म्हणजे करपलेलं दूध, पलंगाखालचं चीज, टोपीतला तुकडा, सगळं त्याला कळत होतं! आणि आपण मात्र इतकी वर्षं धूर खात टायर जाळतोय! पण भांडायची सोय नव्हती. तुला वास येतो असं म्हणावं तर तो विचारणार, कशाचा? तिने तोंडाला कुलूप लावलं आणि सूड स्वयंपाकातून घ्यायचा ठरवला. पहिल्या दिवशी न धुतलेल्या आतड्यांचं कालवण. दुसऱ्या दिवशी आंबलेली कोबी. नंतर डुकराचं मूत्रपिंड, तेही हळू आचेवर दिवसभर. महिनाभर हे चाललं. तिएबोबाईने खिडक्यांना फडकी लावली. नूमा रोज टेबलाशी बसायचा, ताटात नाक खुपसायचा आणि म्हणायचा, "आणखी थोडं वाढ." नेलीला कळेना की हा हरतोय की जिंकतोय.

शेवटी तीच कंटाळली आणि तिने साधं बटाट्याचं सूप केलं. नूमाच्या डोळ्यांत पाणी आलं. "कांदा जास्त झालाय का?" तिने विचारलं. "नाही," तो म्हणाला, "छान झालंय."

साठच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारला जाग आली. एका सोमवारी सकाळी बर्नहून अबकारीचे दोन साहेब चौकीत हजर झाले, एक जाड, एक बारीक. स्थानिक पोलिसाला बरोबर घेऊन झडती घ्यायची असा नियम होता. त्यांनी पत्ता दाखवला.

"हे तर माझंच घर," नूमा म्हणाला.

"बरं झालं," जाड साहेब म्हणाले, "रस्ता विचारायला नको."

नूमाने त्यांना चर्चच्या मागून, गोठ्यांच्या बाजूने, नदीच्या कडेने फिरवून नेलं. वाटेत दिसेल त्याला तो खणखणीत आवाजात सांगत होता, "नमस्कार! हे अबकारीचे साहेब! आमच्याकडे चाललेत!" गावाला कळलं. तिएबोबाई रेनकोटात धावत सुटली आणि धुण्याच्या खोलीच्या खिडकीबाहेर छत्री उघडझाप करायला लागली. आत नेली रेडिओ लावून गात होती. तिने खिडकीतून बघितलं आणि हात हलवला. तिला वाटलं, बाई अजून त्या चित्रकाराची वाट बघतेय.

साहेब आत शिरले तेव्हा भट्टीतून धार चालू होती.

"हा वास कसला?" बारीक साहेबांनी विचारलं.

"मला काही येत नाही, साहेब," नूमा म्हणाला. "अपघातात नाक गेलं."

"आणि डोळे?"

नेलीने आगीवर पाणी ओतलं, हात पुसले आणि म्हणाली, "भट्टी माझी आहे. याला चादरी कुठे उकळतात हेसुद्धा माहीत नाही. विचारा गावात."

भट्टी परसात आणून कुऱ्हाडीने फोडली. मावशीच्या हातचं ते तांबं चेचलं जाताना बघून नेली रडली, आणि कुंपणापलीकडे जमलेलं अर्धं गाव टोप्या काढून उभं राहिलं. कोर्टात नेलीला दंड झाला. एग्लांतीनबाईंना साक्षीला बोलावलं होतं. मुलीच्या घरात ही दारू असल्याचं तुम्हाला माहीत होतं का, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "मी फक्त गुडघ्यांना चोळते." दारूबंदी मंडळाला दुसरी अध्यक्ष शोधावी लागली.

खरा प्रश्न नूमाचा होता. इतकी वर्षं स्वतःच्या घरात भट्टी आणि पोलिसाला वास नाही? वरिष्ठांनी त्याला न्यूशातेलच्या मोठ्या डॉक्टरांकडे तपासणीला पाठवलं. नाक खरंच गेलेलं असेल तर तो निर्दोष, नसेल तर बायकोचा साथीदार म्हणून आत. नेलीही गेली आणि दाराच्या फटीतून बघत राहिली.

डॉक्टरांनी सडकं अंडं आणलं. नूमा खिडकीबाहेर सरोवराकडे बघत राहिला. कुजके मासे आणले. त्याने विचारलं, जेवायला सुट्टी कधी होते. चामडं कमावायच्या कारखान्यातून आणलेली कसलीशी बरणी उघडली तेव्हा मदतनीस नर्स बाहेर पळाली. नूमाची मिशीसुद्धा हलली नाही. नेलीच्या आतड्यांच्या कालवणापुढे ते काहीच नव्हतं. मग डॉक्टरांनी कपाटातून एक जप्त केलेली बाटली काढली, पेल्यात ओतली, नूमाच्या नाकाखाली धरली आणि वरून पाणी सोडायला सुरुवात केली. पाणी पडतच राहिलं. नूमाचा चेहरा कसनुसा झाला. शेवटी त्याला राहवलं नाही.

"डॉक्टर, बस करा! वाट लावताय तुम्ही तिची."

नेलीने डोळे मिटले. डॉक्टरांनी चष्मा वर केला. "तुम्हाला कसं कळलं?"

"रंगावरून," नूमा म्हणाला. "नाकाने नाही. डोळे शाबूत आहेत माझे."

डॉक्टरांनी चष्मा परत नाकावर टेकवला. मग त्यांनी तो पेला स्वतः पिऊन टाकला, तोंड वाकडं केलं, "खरंच पाणी जास्त झालं," म्हणाले आणि नाक गेल्याच्या दाखल्यावर सही केली.

नूमा निर्दोष सुटला. पण त्याची नोकरी गेली. वरिष्ठ म्हणाले, या खोऱ्यात नाक नसलेला पोलीस म्हणजे बिनदाताचा कुत्रा. त्याला रेल्वेच्या फाटकावर लावून दिलं. दिवसातून मोजक्या गाड्या, बाकी वेळ कोंबड्या.

न्यूशातेलहून परतताना गाडीच्या डब्यात दोघंच होती. मग नेलीने तोंड उघडलं.

"टोपीतलं चीज?"

"साधं ग्रुएर नव्हतं ते," नूमा म्हणाला. "व्हाशराँ होतं. फारच पिकलेलं."

"मेल्या! मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? मी पोलीस. वास आला असं म्हटलं की तुला पकडायला पाहिजे. तुला पकडलं तर मी काय खायचं?" त्याने नाक चोळलं. "नाक खरंच गेलं होतं गं. दोन-तीन आठवडे. जग पुठ्ठ्याचं झाल्यासारखं वाटायचं. मग एका सोमवारी मी पलंगावर पडलो होतो आणि परसातून तो वास आला. पहिला वास तोच. इतका आनंद झाला की ओरडणार होतो. तोंडात उशी कोंबली."

नेली खिडकीबाहेर बघायला लागली.

"आणि मी इतकी वर्षं टायर जाळले."

"तेच सगळ्यात वाईट होतं," नूमा म्हणाला. "निळी मला आवडायची. त्या रबराने जीव नकोसा व्हायचा."

ती त्याच्या खांद्यावर इतक्या जोरात हसत कोसळली की तिकीट तपासनीस आल्या पावली मागे फिरला.

पुढच्या वर्षी फ्लरिए गावच्या एका पत्रेवाल्याने नवी भट्टी बनवून दिली. ती फाटकाजवळच्या कोंबड्यांच्या खुराड्यामागे बसली. आता काम दोघांचं होतं. नेली गाळायची आणि नूमा पहिल्या धारेवर नाक ठेवून सांगायचा, "झुफ्याचा पाला कमी झालाय," "बडीशेपेला अजून एक उकळी दे." त्याच्या नाकाने निळी अशी सुधारली की आसपासच्या भट्टीवाल्या बायका जळून खाक झाल्या. त्याला वास येतो हे आता सगळ्या खोऱ्याला माहीत होतं, फक्त दाखल्यावर नव्हतं. कधी एखादी गाडी फाटकाशी उगाच हळू व्हायची आणि इंजिनचालक हात बाहेर काढायचा. अबकारीवाले आणखी दोनदा आले. दोन्ही वेळा त्यांना कोंबड्या मिळाल्या.

नूमा नव्वदच्या दशकात झोपेत गेला. नेलीने त्यानंतर वर्षभर भट्टी पेटवली नाही. पहिल्या धारेवर कुणाला बोलवायचं हेच तिला कळेना. मग एका सोमवारी म्हातारी झालेली तिएबोबाई काठी टेकत आली आणि म्हणाली, "मला वासातलं काही कळत नाही, पण नावं ठेवायला मी पक्की आहे." त्या दोघींनी पुन्हा सुरू केलं.

दोन हजार पाच साली बंदी उठली. गावात बँड वाजला, भाषणं झाली. एका विद्वानाने सांगितलं की या दारूने वेड लागतं हा निव्वळ गैरसमज होता, माणसं वेडी व्हायची ती नुसत्या दारूने किंवा आपली आपणच. नेली पहिल्या रांगेत होती. तिने शेजारणीला कोपर मारलं.

"ऐकलंस? आपल्या गावाकडे आता काही सबबच उरली नाही."

पुढच्या आठवड्यात सरकारकडून एक गोड बोलणारा तरुण परवान्याचे कागद घेऊन आला. आजी, तुम्ही आता राजरोस विकू शकता, बाटलीवर नाव छापू शकता, तुमचा फोटोसुद्धा टाकू. नेलीने त्याला कॉफी दिली, केक दिला, सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हणजे तुमचा माणूस येऊन भट्टी बघणार?"

"हो आजी, वर्षातून एकदा."

"आणि मी त्याला दार उघडायचं?"

"हो."

"मग नको रे बाबा," नेली म्हणाली. "मी गाळते ती चोरून. उजेडात मला ती जमायची नाही. आणि कर भरून प्यायची तर लोक चहा काय वाईट म्हणतील."

त्याने खूप समजावलं. आता विनापरवाना गाळणं हाच गुन्हा आहे असंही सांगितलं. ते ऐकून नेलीचा चेहरा इतका उजळला की तो पुढचं बोलायचंच विसरला. मग तिने त्याला परसदाराने बाहेर काढलं, कारण पुढच्या दाराशी गावच्या नव्या पाद्रीबाई घशाच्या औषधासाठी येऊन उभ्या होत्या.

नेली जुव्हे त्यानंतर सहा-सात वर्षं जगली आणि शेवटच्या वसंतापर्यंत गाळत राहिली. तिची निळी कोणत्याही दुकानात मिळाली नाही. तिच्या दफनाला गुरांचा नवा डॉक्टर, विलीचा मुलगा आणि फाटकावरून जाणाऱ्या गाडीचे दोन निवृत्त चालक आले होते. नंतर सगळे तिच्या स्वयंपाकघरात जमले. तिएबोबाईने पेले मांडले, पाण्याचा जग ठेवला आणि प्रत्येकाला बजावलं की पाणी सावकाश ओता. जेवायची वेळ झाली तरी कुणी उठलं नाही.